पाण्याची आगगाडी आणि बदलता पाऊस

मिरजेहून निघालेली पाण्याची पहिली आगगाडी १२ एप्रिल २०१६ रोजी लातूरला पोहोचली. दहा टाक्यांतून सुमारे पाच लाख लिटर पाणी आले. २०११ च्या जनगणनेनुसार लातूर शहराची लोकसंख्या सुमारे ३ लाख ८३ हजार होती. हिशेब केला तर माणशी जेमतेम १.३ लिटर पाणी वाट्याला येते. पुढे पन्नास टाक्यांची गाडी येऊ लागली, तरी हा आकडा साडेसहा लिटरांच्या पुढे जात नाही. शहराची तहान भागविणारे मांजरा धरण त्या वेळी कोरडे पडले होते.

परंतु गोष्ट येथेच संपत नाही. त्याच वर्षी पावसाळ्याच्या अखेरीस जोरदार पाऊस झाला आणि हेच धरण पुन्हा भरले. एकाच वर्षात आगगाडीने पाणी आणण्याची पाळी यावी आणि धरणही भरावे, हे कसे घडते? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा थोडा विचार करण्याचा माझा प्रयत्न आहे.

प्रथम हवेचा विचार करू. हवेचे तापमान एक अंशाने वाढले की तिची बाष्प धरून ठेवण्याची क्षमता सुमारे सात टक्क्यांनी वाढते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धाच्या तुलनेत पृथ्वीचे सरासरी तापमान आज एक अंशाहून अधिक वाढले आहे. त्यामुळे पाऊस पडतो तेव्हा एकदम कोसळतो. आणि उघडीप पडली की तीच उष्ण हवा जमिनीतील व धरणातील ओलावा वेगाने शोषून घेते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी २०१७ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतातील विस्तृत अतिवृष्टीच्या घटना सुमारे तिपटीने वाढल्या, असे त्यात आढळले. म्हणजेच वर्षाची सरासरी पाहून समाधान मानण्याचे दिवस आता राहिले नाहीत.

आता जमिनीकडे वळू. मराठवाड्याची भूमी बहुतांशी काळ्या कातळाची आहे. या कातळात पाणी राहते ते वरच्या झिजलेल्या थरात आणि भेगांत. संथ, रिपरिप पाऊस त्यात मुरतो. धो धो पाऊस मात्र माती घेऊन ओढ्यानाल्यांतून निघून जातो. पाऊस तितकाच, पण विहिरीच्या वाट्याला कमी, असा हा प्रकार होय.

तथापि सारा दोष हवामानाच्या माथी मारणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. मराठवाड्यात १९७२ चा दुष्काळ पडला, तेव्हा हवामानबदलाची चर्चा कोणी करीत नव्हते. २०१६ च्या टंचाईमागे २०१४ व २०१५ अशी लागोपाठ दोन वर्षांची अवर्षणे होती, तसाच आपला पाणीवापरही होता. उसाला दीड ते अडीच हजार मिलिमीटर पाणी लागते. लातूर भागात पाऊस पडतो साधारण साडेसातशे ते आठशे मिलिमीटर. उरलेले पाणी धरणातून नाही तर विंधन विहिरीतून उपसावे लागते. अर्थात ऊस लावणाऱ्या शेतकऱ्यालाही दोष देऊन चालणार नाही. ज्या पिकाला खात्रीचा भाव आहे तेच तो घेणार. तूर आणि ज्वारी यांना तशी खात्री मिळाल्याशिवाय उपदेशाचा काय उपयोग?

मग करावयाचे काय? एक साधा हिशेब मांडतो. एक हेक्टर जमिनीवर पन्नास मिलिमीटर पाऊस पडला तर पाच लाख लिटर पाणी मिळते. लातूरला आलेल्या पहिल्या गाडीत तेवढेच पाणी होते! हे सारे पाणी अडविता येणार नाही, हे खरे. पण बांधबंदिस्ती, शेततळी, विहिरींचे पुनर्भरण यांनी त्यातील काही भाग तरी राखता येईल. पाऊस अधिक लहरी होत जाईल तसतसे हे काम अधिक निकडीचे होणार आहे.

आपण कलाशाखेचे विद्यार्थी. धरणे बांधणे आपले काम नव्हे. परंतु आपल्या गावच्या विहिरीची पातळी दर महिन्याला मोजून वहीत टिपून ठेवणे आपल्याला नक्कीच जमेल. पाणी किती आहे हे ज्या गावाला ठाऊक असते, तेथे ते कसे वाटून घ्यावे याची चर्चा निदान सुरू तरी होऊ शकते. ती चर्चा विहिरीने तळ गाठण्यापूर्वी व्हावी, एवढीच माझी अपेक्षा आहे.