मुळांना वारा लागू दे

अगं, घरातलं ऑर्किड पाणी कमी पडून क्वचितच मरतं. मरतं ते पाणी साचून. आपल्या सह्याद्रीतली सीतेची वेणी बघ. आंब्या-फणसाच्या फांदीला धरून वाढते. लोक तिला बांडगूळ म्हणतात, पण ती झाडाचं काही खात नाही. पावसात मुळं चिंब होतात, उघडीप पडली की वाऱ्यावर सुकतात. कुंडीत आपल्याला तेच साधायचंय, म्हणून माती अजिबात नको.

फुलं ओसरली आणि बुडाशी नवा कोंब, हिरव्या टोकांची मुळं दिसू लागली की कुंडी बदलावी. डेंड्रोबियम जातीच्या ऑर्किडला बहुधा फाल्गुन-चैत्र बरा. ऐन फुलोऱ्यात हात लावू नकोस. दोनेक वर्षांत कुंडीत भरलेल्या नारळाच्या सोडणांचा भुगा होतो. तेव्हा मात्र टाळाटाळ नको.

लाकडी कोळसा, विटांचे तुकडे आणि नारळाची सोडणं घे, सगळं सुपारीएवढं. कोळसा नि विटा धुऊन घे, नाहीतर भुकटी तळाशी बसून भोकं बुजवते. सोडणं दोन-तीन दिवस भिजव, तांबूस पाणी रोज बदल. कोकणच्या दमट हवेत सोडणं कमी घालायची; देशावर कोरड्या हवेत थोडी जास्त चालतात.

कुंडी मातीची, बाजूलाही भोकं असलेली. मुळं मावून दोन बोटं जागा उरली की पुष्कळ. मोठ्या कुंडीचा मधला भाग सुकतच नाही आणि कूज तिथूनच लागते.

रोप काढण्याआधी अर्धा तास कुंडी पाण्यात ठेव, मुळं लवचिक होतात. मग एकेक मूळ चिमटीत दाबून बघ. टणक असेल तर डागाळलेलं असलं तरी राहू दे. मऊ, पोकळ असेल, ओढल्यावर साल हातात येऊन आत नुसता दोरा उरत असेल, तर काप. कात्री आधी ज्योतीवर धर. पानं गळालेली कांडी टणक असेल तर काढू नकोस, रोपाची शिदोरी तिच्यात असते.

डेंड्रोबियमची जुनी बाजू कुंडीच्या कडेला टेकव, नवा कोंब मध्याकडे येऊ दे. मुळांभोवती कोळसा, विटा, सोडणं भर, पण बूड पुरू नकोस. काठीला हलणार नाही, पण काचणारही नाही असं बांध. रोप हललं की नव्या मुळांची टोकं मोडतात.

चार-पाच दिवस सावलीत ठेव. कापलेल्या जागा सुकू देत, सकाळी पानांवर फवारा पुरे. त्यानंतर मुळंच सांगतील : चंदेरी दिसली की पाणी घाल, हिरवी असतील तर थांब. बशी ठेवू नकोस. पहिल्यांदा तांब्याभर पाणी ओतशील तेव्हा ते लगेच खालून वाहून गेलं पाहिजे. रेंगाळलं, तर कंटाळा न करता कुंडी पुन्हा भर.