शेंगा कुणीही खाल्ल्या असोत

डुलुथ, जुलै

चि. मैत्रेयी हिस,


ऑगस्टमध्ये मित्रमैत्रिणींबरोबर कनू घेऊन मिनेसोटातल्या बाउंडरी वॉटर्सला जाणार असल्याचं तू फोनवर सांगितलंस, तेव्हा फार आनंद झाला. परमिट तुझ्या नावावर आहे हे कळल्यावर मात्र पत्र लिहायचं ठरवलं. परमिट ज्याच्या नावावर, तो गटाचा प्रमुख. आत गटाकडून काही वावगं झालं तर जाब त्यालाच द्यावा लागतो.

पहिली गोष्ट माणसांची. आयत्या वेळी दहावा म्हणून एक मुलगा येतोय असं म्हणालीस. त्याला नाही म्हण, कितीही जवळचा असला तरी. एका गटात नऊ माणसं आणि चार कनू, यापुढे तिथे परवानगी नाही. दोन परमिटं काढून आत एकत्र भेटू, असं तुमच्यातलं कुणीतरी सुचवेलच. तेही चालत नाही. पाण्यावर, पोर्टेजवर (म्हणजे कनू आणि सामान उचलून एका तळ्यावरून दुसऱ्याकडे चालत जायच्या वाटेवर) किंवा मुक्कामाला, नऊपेक्षा जास्त जण एकत्र असता कामा नयेत. ही मर्यादा आहे तिथल्या मातीमुळे. हिमनद्यांनी खरवडलेल्या अतिप्राचीन खडकावर मातीचा अगदी पातळ थर आहे, त्यावर पाइन आणि बर्च कसेबसे उभे आहेत. दहा-बारा माणसं दोन दिवस नाचली की झाडांची मुळं उघडी पडतात. ती पुन्हा झाकली जायला माणसाचं आयुष्य पुरत नाही. म्हणूनच तंबूही नेमून दिलेल्या जागीच लावायचे. लोखंडी जाळीची चूल दिसली की ओळखायचं, ही मुक्कामाची जागा. तंबूसाठी मोकळी केलेली जमीन तिथे असतेच. नव्या जागेसाठी झुडपं तोडायची नाहीत आणि तंबूभोवती चरही खणायचा नाही.

आता कचऱ्याकडे येते. दहा लाख एकरांहून मोठा हा मुलूख, हजारावर तळी, मुक्कामाच्या सुमारे दोन हजार जागा, आणि त्यात कचऱ्याचा डबा एकही नाही. 1964 च्या वाइल्डरनेस कायद्याखाली हा मुलूख राखलेला आहे. बहुतेक तळ्यांवर यंत्राची होडी जाऊ शकत नाही. रेंजर तुमच्यासारखेच वल्हं मारत येतात. वाटेत आडवं पडलेलं झाड हातकरवतीने कापतात, आणि लोकांनी टाकलेला कचरा पाठीवर घेऊन पोर्टेजमागून पोर्टेज ओलांडत बाहेर आणतात. तुम्ही टाकलेला चॉकलेटचा कागद कुणाच्या तरी पाठीवरूनच बाहेर येणार, एवढं सोबत्यांना सांगितलंस तरी पुरे.

डबाबंद राजमा, बिअरचे कॅन, काचेच्या बाटल्या हे सगळं घरीच ठेवा. 1971 पासून तिथे कॅन आणि बाटल्यांना बंदी आहे. वहिनीने पाठवलेलं लोणचं काचेच्या बरणीत आहे, ते फिरकीच्या झाकणाच्या प्लास्टिकच्या डबीत काढून घे. भाजणी, मेतकूट, पोहे, खिचडीचे डाळ-तांदूळ हे सगळं पुन्हा वापरता येणाऱ्या पिशव्यांत भर आणि दुकानातली वेष्टनं घरीच फेकून दे. निघताना पिशव्या मोजून एका कागदावर आकडा लिही आणि परतताना तेवढ्याच भरल्या का ते बघ. हे काम एकालाच नेमून दे. सगळ्यांवर सोपवलेलं काम कुणीच करत नाही.

"साल तर कुजतेच की," असं कुणीतरी म्हणेल. मलाही इथे नव्याने आलेले पुष्कळ जण म्हणतात. आपल्याकडे पावसाळ्यात केळ्याची साल लवकर मातीत मिसळते, म्हणून तसं वाटतं. इथे जवळजवळ अर्धं वर्ष जमीन गोठलेली असते. उरलेल्या दिवसांतही ती थंड आणि आम्लधर्मी. संत्र्याची साल, शेंगांची टरफलं, अंड्याची कवचं महिनोन्‌महिने चुलीभोवती तशीच पडून राहतात, आणि त्या वासाने आधी खारी-उंदीर येतात, मग अस्वल येतं. इथलं काळं अस्वल स्वभावाने भित्रं असतं, माणसाच्या चाहुलीने पळतं. पण एका मुक्कामावर खायला मिळालं की ते दुसऱ्या रात्री परत येतं, तिसऱ्या रात्री तंबूपर्यंत येतं, आणि शेवटी त्याला गोळी घालावी लागते. त्या मरणाला कारण त्याला चटक लावणारी माणसं. म्हणून अन्न, कचरा, टूथपेस्ट असं वास येणारं सगळं रात्री अस्वलाला न उघडता येणाऱ्या डब्यात बंद करा, नाहीतर दोरीने टांगा. टांगलेली पिशवी जमिनीपासून बारा फूट उंच आणि खोडापासून सहा फूट लांब हवी. बुटक्या झाडांच्या त्या जंगलात अशी फांदी सापडणं कठीण. म्हणून डबाच भाड्याने घ्या.

भांडी तळ्यात विसळायची नाहीत. पाण्यापासून दीडशे फूट, म्हणजे साधारण साठ पावलं आत जाऊन धुवायची. अंघोळीचंही तेच. बाटलीवर "निसर्गस्नेही" लिहिलेला साबणसुद्धा पाण्यात चालत नाही, त्याचं विघटन व्हायला माती लागते. धुण्याचं पाणी गाळून जमिनीवर पसरून ओता. गाळणीत राहिलेली शितं, चहाचा चोथा, फोडणीतली मोहरी सगळं कचऱ्याच्या पिशवीत. तुम्ही पिण्यासाठी गाळून घेणार ते पाणी त्याच तळ्याचं आहे.

संडासाबद्दल स्पष्टच लिहिते, कारण तिथे गेल्यावर मुली आपापसांतही बोलत नाहीत आणि मग घोटाळा होतो. मुक्कामापासून थोडं आत झाडीत एक बैठक असते. तिला भिंती नाहीत, छप्पर नाही. तिच्यात फक्त विष्ठा आणि कागद जायला हवा. ओले टिश्यू, सॅनिटरी नॅपकिन, उरलेली खिचडी, माशाची डोकी यांतलं काहीही नाही. खरकट्याच्या वासाने अस्वलं त्या खड्ड्यात शिरतात, बैठक उखडून टाकतात. आणि खड्डा लवकर भरला की त्या पातळ मातीत दुसरा खणायला जागा सापडत नाही. नॅपकिनसाठी प्रत्येकीने घट्ट बंद होणारी जाड, काळी पिशवी स्वतःजवळ ठेवावी आणि ती कचऱ्याबरोबर बाहेर आणावी. पहिल्याच संध्याकाळी हे तू मोठ्याने सांग, मुलांच्या देखत सांग. तुझ्या सांगण्याने इतर मुलींचा संकोच कमी होईल.

शेकोटीचा मोह मी समजू शकते. पण चूल म्हणजे कचरापेटी नव्हे. कचरा जाळणं मिनेसोटाच्या कायद्यातही बसत नाही. मॅगीच्या किंवा चिप्सच्या पाकिटातला चकचकीत पत्रा जळत नाही, वितळून राखेत चिकटतो, आणि पुढचा गट तो नखांनी उकरत बसतो. सरपण जिवंत झाडाचं तोडू नका. मुक्कामाच्या आसपासचंही गोळा करू नका, तिथलं आधीच ओरबाडलेलं असतं. कनू घेऊन थोडं पुढे जा, किनाऱ्यापासून आत शिरा, मनगटाएवढ्या जाडीची वाळून पडलेली लाकडं आणा. बर्चची साल सोलू नका. वाऱ्याने सुटून पडलेली असेल ती उचलायला हरकत नाही. सोललेल्या जागी झाडावर काळा पट्टा उमटतो आणि तो जन्मभर राहतो. विझवताना पाणी ओता, काठीने ढवळा, पुन्हा ओता, आणि राख हाताला गार लागेपर्यंत तिथून हलू नका. 2007 च्या मे महिन्यात हॅम लेकजवळ लागलेल्या वणव्यात कॅनडाच्या सीमेच्या दोन्ही बाजूंचं मिळून सुमारे 75 हजार एकर जंगल गेलं. तपासाचा निष्कर्ष होता की सुरुवात मुक्कामावरच्या एका शेकोटीतून झाली. तुमच्या दिवसांत शेकोटीबंदी जाहीर असेल तर गॅसच्या शेगडीवर भागवा आणि कुरकुर करू नका.

तुम्ही लेक वनवरून आत शिरणार, म्हणजे लेक थ्री-फोरच्या आसपास तुम्हाला जळका किनारा दिसेल. तो 2011 च्या पगामी क्रीकच्या वणव्याचा. तो विजेमुळे लागला होता. आता तिथे दाट कोवळं रान उगवलंय, पण मधूनमधून जुनी मेलेली झाडं उभी आहेत. तंबू लावण्याआधी मान वर करून बघ. वठलेल्या झाडाखाली कुणालाही झोपू देऊ नकोस.

आता शेजारधर्म. लेक वन आणि लेक टू यांच्यामध्ये दोन छोटे पोर्टेज आहेत आणि ऑगस्टमध्ये तिथे गर्दी असते. उतरण्याच्या जागी सामान पसरून चिवडा खात बसायचं नाही. उतरा, सामान बाजूला घ्या, चालू लागा. डोक्यावर कनू घेऊन येणाऱ्याला समोरचं दिसत नसतं, वाट त्याला द्यायची. मुक्कामाची जागा आधी येईल त्याची. म्हणून दुपारी तीनच्या आतच जागा धरा. अंधार पडताना शोधू लागलात तर दुसऱ्याच्या मुक्कामापाशी घुटमळत राहाल. किनाऱ्यावर कुणाची कनू ओढून ठेवलेली दिसली की लांबूनच पुढे जा. दुपारच्या जेवणासाठी मुक्कामाची जागा अडवू नका. थकून आलेला एखादा गट ती जागा भरलेली समजून आणखी दोन मैल वल्हवत जातो.

स्पीकर तर मुळीच नेऊ नका. शांत पाण्यावरून आवाज फार लांब जातो, पलीकडच्या काठावर कुणी हसलं तरी अलीकडे ऐकू येतं. रात्री लून पक्षी एकमेकांना साद घालतात. ती ऐकायला माणसं शेकडो मैलांवरून येतात. लूनवरून आठवलं, तुमच्यातला जो मुलगा मासे धरणार आहे, त्याला शिशाची वजनं न्यायला मना कर. तळाशी पडलेली शिशाची एक गोळी लूनने खड्यांबरोबर गिळली तरी तो मरतो. तुटलेली दोरीही गुंडाळून परत आणायची. आणि उरलेली गांडुळं मातीत सोडायची नाहीत. आपण शेतकऱ्यांच्या घरातले, गांडूळ म्हणजे शेताचा मित्र असंच लहानपणापासून ऐकलेलं, त्यामुळे हे ऐकून तू चमकशील. हिमयुगानंतर या भागात स्थानिक गांडुळं उरलीच नव्हती. इथलं जंगल कुजत्या पानांच्या जाड थरावर वाढलं. बाहेरून आलेली गांडुळं तो थर खाऊन टाकतात आणि त्यात रुजणारी नेची, रानफुलं, झाडांची रोपं नाहीशी होतात. उरलेली गांडुळं बंद डबीत बाहेर आणून कचऱ्यात टाका.

उथळ पाण्यात उंच हिरवं गवत दाटलेलं दिसेल, ते रानतांदूळ असू शकतं. ओजिब्वे लोक त्याला मनोमिन म्हणतात. ऑगस्टअखेरीस ते पिकू लागतं. या मुलखाला आपण निर्जन म्हणतो, पण तो ओजिब्वेंचा आहे. 1854 च्या करारात जमीन दिली तरी तिथे शिकार करण्याचा, मासे धरण्याचा आणि धान्य-फळं गोळा करण्याचा हक्क त्यांनी राखून ठेवला. त्या धान्यातून मजेखातर कनू घुसवू नका, वळसा घालून जा.

सगळ्यांत महत्त्वाचं आता सांगते. मुक्कामाला पोचल्यावर चुलीत पत्र्याचे तुकडे, झाडाला लटकलेली निळी नायलॉनची दोरी, दगडाच्या खाचेत कुणाचं तरी टिश्यू, असं काहीतरी बहुतेक सापडेलच. तुमच्यातलं कुणीतरी म्हणेल, हे आपण टाकलेलं नाही. लहान टिळकांची शेंगांची गोष्ट आपण सगळेच ऐकत मोठे झालो. शेंगा खाल्ल्या नाहीत तर टरफलं उचलणार नाही, हा त्यांचा बाणा मला अजूनही प्रिय आहे. तिथे प्रश्न न केलेल्या गुन्ह्याच्या शिक्षेचा होता. इथे कुणी कुणाला शिक्षा करत नाहीये. तुम्ही पोचाल त्या दुपारी तुम्हाला जे स्वच्छ तळं, जी झाडलेली तंबूची जागा मिळेल, ती तशी मिळते ती त्याच सकाळी तिथून निघालेल्या अनोळखी माणसांमुळे. त्यांनी दुसऱ्यांची टरफलं उचललेली असतात. एकाने सोडलेला पत्रा दुसरा बघतो आणि आपलाही त्यात टाकतो, हे मी वर्षानुवर्षं पाहत आलेय. स्वच्छ चुलीत पहिला कागद टाकायला मात्र कुणाचा हात सहज धजत नाही. तेव्हा तंबू उभारण्याआधी एक पिशवी घेऊन तू स्वतः वाक आणि उचलायला लाग. कुणाला हुकूम सोडू नकोस. दोन मिनिटांत बाकीचे येतील.

निघायच्या दिवशी सामान कनूत भरून झालं की सगळ्यांना एका रांगेत हातभर अंतरावर उभं कर आणि मुक्कामाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत खाली बघत चालवत ने. प्लास्टिकचा फाटलेला कोपरा, दोरीचं टोक, बँडेड, शेंगदाण्याचं लाल फोलपट अशाच बारीक गोष्टी राहून जातात. तंबूचे खुंटे मोज. चुलीतली राख एकदा हाताने चाचपून बघ. संडासाचं झाकण लावून ये.

गाडीत एक मोठी रिकामी पिशवी आणि जुनं वर्तमानपत्र ठेव, कचऱ्याची पिशवी ओली असते. ईली गावात गेलात तर डोरोथी मॉल्टरचं संग्रहालय बघा. ती नाइफ लेकवरच्या बेटावर एकटी राहायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्या कनूवाल्यांना घरी केलेली रूट बिअर द्यायची. मोडलेली वल्ही फेकून न देता त्यांचं तिने अंगणाला कुंपण केलं होतं. 1986 मध्ये ती गेल्यावर तिच्या लाकडी खोल्या उचलून गावात आणल्या. परतताना डुलुथवरून आलात तर वाट थोडी वाकडी होईल, पण कपडे धुवून देईन आणि नऊ जणांना पुरेल एवढी पिठलं-भाकरी करीन. कचऱ्याची पिशवीही माझ्याकडेच आणा. कुठल्या तारखेला बाहेर पडणार ते आधी कळव.

तुझी,
आत्या