हरळीची सुप्त पेरणी

पिंपरी-चिंचवड व चाकण पट्ट्यात कारखान्यांच्या आवारातील मुरुमाचा भराव उघडा राहिल्यास वळवाची पहिली सर माती थेट गटारात नेते. ती धरून ठेवण्यास हरळी उत्तम. मात्र लगतच्या शेतात ती शिरू देऊ नये, शेतकऱ्यास तिच्या काशा वेचण्याचा जाच ठाऊकच आहे!

हरळी उष्ण हंगामातील गवत होय. थंडीत तिची वाढ खुंटते, काशा जिवंत राहतात. अमेरिकेच्या दक्षिण भागात तिचे सालीसह बी हिवाळ्यातच पेरतात; जमीन तापली की ते रुजते. आपल्याकडे हिवाळ्यानंतर कोरडा उन्हाळा येतो. तोवर बी मुंग्या-पाखरांच्या तोंडी जाते. म्हणून धूळपेरणीप्रमाणे, पावसाच्या तोंडावर, वाळूत मिसळून ते वरच्यावर फेकावे व हलके दाबावे. तीव्र उतारावर बियांवर विसंबू नये. तेथे काशाच लावाव्यात.