धंदा बदलण्यापूर्वी : व्यवसाय-मार्गदर्शक आणि आपला ताळेबंद

दिवाळीच्या पाडव्याला आपण वही बदलतो. धंदा मात्र सहसा बदलत नाही. वडिलांनी जेथे गादी घातली तेथेच बसावे, त्यांनी जोडलेली गिऱ्हाइके सांभाळावीत आणि पुढे मुलाच्या हाती किल्ल्या द्याव्यात, ही आपली रीत. या रीतीने पिढ्यान् पिढ्या घरे चालली, यात संशय नाही. परंतु गल्ल्यातील आवक तीन-चार वर्षे सारखी उतरत असता केवळ रीत म्हणून दुकान उघडे ठेवणे, याला व्यवहार म्हणता येणार नाही. धंदा बदलावा काय, बदलावा तर कोणता आणि कसा, हे प्रश्न चाळिशी ओलांडलेल्या अनेक गृहस्थांच्या मनात घोळत असतात. पण ते बोलून दाखवण्याची सोय नसते. घरी बोलावे तर घर घाबरते, बाजारात बोलावे तर पत जाते. या प्रश्नांचा पद्धतशीर विचार कसा करावा, आणि त्या कामी व्यवसाय-मार्गदर्शकाचा, म्हणजे हल्ली ज्याला ‘करिअर कोच’ म्हणतात त्याचा, कितपत उपयोग होतो, हे प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे.

जुना धडा

हा प्रश्न आजचा नव्हे. जौनपूरचे जैन व्यापारी आणि कवी बनारसीदास यांनी १६४१ मध्ये, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, ‘अर्धकथानक’ या नावाने आपले चरित्र लिहून ठेवले. त्यात त्यांनी आपल्या बुडालेल्या व्यापाराचा हिशेब काहीही न लपवता मांडला आहे. वडिलांनी जवाहीर, तूप, तेल व कापड देऊन त्यांना आग्र्यास पाठविले. तेथील बाजाराची माहिती नाही, मालाची पारख पक्की नाही, अशा स्थितीत त्यांनी खरेदी-विक्री आरंभिली. काही जवाहीर तर इजारीच्या नाडीत बांधलेले असता हरवले. अखेर हाती काही उरले नाही, तेव्हा एका कचोरीवाल्याने त्यांना काही महिने उधारीवर खाऊ घातले, म्हणून ते तगले. पुढे भागीदारी मिळाली आणि उधारी फिटली.

या कथेतून दोन गोष्टी घेण्याजोग्या आहेत. माहिती नसलेल्या बाजारात सगळे भांडवल घेऊन उतरू नये, ही पहिली. नवा मार्ग सापडेपर्यंत पोटाची सोय लागते, ही दुसरी. बनारसीदासांना कचोरीवाला भेटला. प्रत्येकास तो भेटेलच असे नाही. ती सोय आपली आपणच आधी करावयाची असते.

या विद्येचा आरंभ

व्यवसाय-मार्गदर्शनाला शास्त्राचे रूप देण्याचे श्रेय फ्रँक पार्सन्स या अमेरिकन गृहस्थांकडे जाते. त्यांचा स्वतःचा जीवनक्रम पाहण्यासारखा आहे. ते शिकले अभियांत्रिकी. ज्या रेल्वे कंपनीत लागले ती बुडाली. मग लोखंडाच्या कारखान्यात मजुरी केली, पुढे शिक्षक झाले, नंतर वकील आणि कायद्याचे अध्यापक. व्यवसाय बदलताना माणूस कसा चाचपडतो, हे त्यांनी स्वतः अनुभवले होते. जानेवारी १९०८ मध्ये त्यांनी बॉस्टन शहरात ‘व्होकेशन ब्यूरो’ ही संस्था उघडली. त्याच वर्षी सप्टेंबरात ते वारले आणि १९०९ मध्ये त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला.

त्यांच्या पद्धतीच्या तीन पायऱ्या आहेत. आधी स्वतःची नीट ओळख करून घ्यावी. मग निरनिराळ्या व्यवसायांची खरी माहिती मिळवावी. आणि शेवटी या दोहोंचा मेळ बसतो की नाही, हे शांत डोक्याने तपासावे. व्यापारी भाषेत बोलायचे तर आधी आपल्या वखारीतील माल मोजावा, मग बाजारातील मागणी पाहावी आणि त्यानंतर सौदा करावा. मार्गदर्शकाचे काम या तिन्ही पायऱ्यांवर सोबत करण्याचे आहे. निर्णय त्याने द्यावयाचा नसतो.

पहिली पायरी : स्वतःची मोजदाद

एक उदाहरण कल्पू. बेळगावात ठोक कापडाची पेढी चालवणारे चव्वेचाळीस वर्षांचे एक गृहस्थ आहेत. तयार कपड्यांचा खप वाढल्याने खेड्यांतील किरकोळ दुकानदारांची खरेदी आटली आहे. मुलगा एकोणीस वर्षांचा असून त्याचे मन दुकानात नाही. गृहस्थ म्हणतात, “मला कापडाशिवाय दुसरे काही येत नाही.”

येथेच मार्गदर्शकाचा पहिला उपयोग होतो. तो विचारील : कापडाच्या धंद्यात तुम्ही दिवसभर नेमके काय करता? मग उत्तरे निघू लागतात. हात लावताच कापडाचा पोत व टिकाऊपणा कळतो. कोणाला किती उधारी द्यावी याचा अंदाज सहसा चुकत नाही. दोनशे गिऱ्हाइकांची नावे-गावे तोंडपाठ आहेत. गिरणीवाल्याशी भावाची घासाघीस करता येते. ही चार स्वतंत्र कौशल्ये आहेत आणि त्यांतील तीन कापडाबाहेरही चालतात. जमाबाजू अशी भरल्यावर खर्चाची बाजूही प्रामाणिकपणे लिहावी : संगणकावरचा हिशेब येत नाही, दुसऱ्याच्या हुकमाखाली काम करण्याची सवय नाही, गुडघे दुखत असल्याने फिरती झेपणार नाही.

या कामासाठी काही मार्गदर्शक छापील चाचण्या देतात. जॉन हॉलंड या मानसशास्त्रज्ञांनी मांडलेल्या सहा प्रवृत्तींवर आधारलेल्या चाचण्या बऱ्याच प्रचारात आहेत. त्यांतून आपली आवड कोणत्या बाजूस झुकते, याची कल्पना येते. परंतु चाचणीच्या कागदाला कोणी पत्रिका समजू नये.

दुसरी पायरी : व्यवसायाची चौकशी

पुढे काय करता येईल याचे तीन-चार पर्यायच कागदावर मांडावेत. आपल्या उदाहरणातील गृहस्थांपुढे तीन येतात : शाळांचे गणवेश शिवून पुरविणे, एखाद्या तयार कपड्यांच्या कंपनीत खरेदी-अधिकारी म्हणून नोकरी, किंवा विम्याची एजन्सी. प्रत्येकाविषयी, तो व्यवसाय प्रत्यक्ष करणाऱ्या निदान तिघांना भेटून चार प्रश्न विचारावेत. पहिल्या वर्षी हाती काय पडते? पैसा किती दिवस अडकून पडतो? कोणत्या महिन्यांत काम नसते? आणि हा धंदा सोडणारे तो का सोडतात? शेवटचा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. खरे शहाणपण मात्र त्याच्या उत्तरात असते. गणवेशाच्या धंद्यात उन्हाळ्यात भांडवल घालावे लागते, शाळा उघडताना माल द्यावा लागतो आणि पैसे पुष्कळदा त्यानंतर येतात. हे आधी कळलेले बरे.

नोकरीचा पर्याय असेल, तर केंद्र सरकारने २०१५ मध्ये सुरू केलेली ‘नॅशनल करिअर सर्व्हिस’ ही सेवाही पाहावी. तेथे नोकऱ्यांच्या माहितीबरोबर मार्गदर्शनाचीही सोय आहे.

नफा हा एकच निकष धरू नये, हे आपल्या वाचकांस सांगावयास नको. श्रावकाचारात पंधरा प्रकारचे व्यवसाय वर्ज्य म्हणून सांगितले आहेत. कोणत्या मार्गाने पैसा नको, हे आधी ठरवून ठेवलेल्या माणसाची निवड सोपी होते. मार्गदर्शकासही ही मर्यादा पहिल्याच भेटीत सांगावी.

तिसरी पायरी : आकड्यांचा मेळ

आता पैशाकडे वळू. पुष्कळांचा घात येथेच होतो, कारण ते पुस्तकी आकडे खरे मानतात. आपल्या गृहस्थांच्या वहीत माल १८ लाखांचा, येणे ६ लाख, रोख व बँक मिळून २ लाख आणि देणे ७ लाख आहे, असे समजू. वहीप्रमाणे त्यांच्यापाशी १९ लाख रुपये आहेत. परंतु पडून राहिलेला माल आज विकला तर १२ लाखच येतील, आणि येण्यापैकी ४ लाखच वसूल होतील. तेव्हा खरी शिल्लक ११ लाख. वही आणि बाजार यांत ८ लाखांचे अंतर पडले. हे अंतर पाहताना मनाला लागते, पण ते धंदा बदलल्यानंतर समजण्यापेक्षा आधी समजलेले पुष्कळ बरे.

घरखर्च महिना ४०,००० रुपये धरला, तर एका वर्षाचे ४ लाख ८० हजार प्रथम बाजूस काढावेत. हा आपला कचोरीवाला. याला काही झाले तरी हात लावू नये. उरलेल्या ६ लाख २० हजारांपैकी नव्या व्यवसायाच्या चाचणीस फार तर चौथा हिस्सा, म्हणजे दीड लाखाच्या आसपास, लावावा. चाचणी फसली तरी घर उभे राहते, दुसरा प्रयत्न करण्याइतके भांडवल उरते आणि माणसाचा धीर सुटत नाही.

चाचणी घ्यावीच, असे अलीकडचे अभ्यासही सांगतात. मध्यम वयात व्यवसाय बदललेल्या लोकांचा अभ्यास करून हर्मिनिया इबारा या विदुषींनी २००३ मध्ये ‘वर्किंग आयडेंटिटी’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. नुसते बसून विचार केल्याने नवा मार्ग सापडत नाही. लहान प्रमाणावर करून पाहिल्याने तो स्पष्ट होत जातो, असा त्यांचा निष्कर्ष आहे. म्हणून आपल्या गृहस्थांनी पेढी चालू ठेवूनच एका शाळेचे, एका वर्षाचे काम घ्यावे, शिलाई दुसऱ्याच्या कारखान्यात करून घ्यावी आणि वर्षअखेर हिशेब मांडावा.

मार्गदर्शक कसा पारखावा

आपल्याकडे ‘करिअर कोच’ अशी पाटी लावण्यास कायद्याने परवाना लागत नाही. म्हणून माल पारखून घ्यावा तसा मार्गदर्शकही पारखावा. फी किती व भेटी किती, हे आधी लिहून घ्यावे. आपल्या वयाच्या, धंद्यातून आलेल्या लोकांबरोबर त्याने काम केले आहे काय, हे विचारावे. एखादा अभ्यासक्रम, योजना किंवा एजन्सी घेण्याचा तो आग्रह धरीत असेल, तर त्यात त्याची दलाली आहे काय, हे स्पष्ट विचारावे. यशाची हमी देणाऱ्यापासून दूर राहावे. चांगला मार्गदर्शक बोलतो थोडे, विचारतो फार. आणि प्रत्येक भेटीच्या शेवटी पुढील भेटीपर्यंत करावयाचे एखादे निश्चित काम नेमून देतो.

त्याचा खरा उपयोग तो परका असल्यामुळे होतो. घरातील प्रत्येकाचा या निर्णयात वाटा असतो, म्हणून कोणीच मोकळेपणी बोलत नाही. काका म्हणतात, “अरे, अण्णांच्या नावाची पाटी उतरवलीस तर बाजारात तोंड कसे दाखवशील?” पत्नी गप्प राहते आणि मुलगा विषय टाळतो. परक्यापुढे मात्र गृहस्थ आपली भीती बोलून दाखवू शकतात. तरीही ताळेबंद तयार झाल्यावर तो घरी सर्वांपुढे, विशेषतः पत्नीपुढे, ठेवलाच पाहिजे. वर्षभराच्या घरखर्चाचा आकडा तिच्याइतका अचूक दुसरा कोणी सांगू शकणार नाही. मुलालाही विचारावे, कदाचित त्याला दुकान नको असून गणवेशाच्या हिशेबाचे संगणकावरील काम हवे असेल.

संस्थेचे कर्तव्य

शेवटी एक सूचना. मुंबईत पारशी पंचायतीने १९४७ मध्येच आपल्या समाजासाठी व्यवसाय-मार्गदर्शनाचे केंद्र स्थापन केले होते. व्यापारी समाजाच्या संस्थेने हे काम हाती घेणे किती स्वाभाविक आहे, हे त्यावरून दिसते. आपल्या संघालाही आरंभी मोठा खर्च करावा लागणार नाही. निरनिराळ्या धंद्यांतील अनुभवी सभासदांनी वर लिहिलेल्या चार प्रश्नांची खरी उत्तरे देण्याचे मान्य करावे, त्यांची यादी कार्यालयात असावी, आणि विचारणाऱ्याचे नाव गुप्त ठेवण्याची जबाबदारी कार्यवाहांनी घ्यावी. एवढे झाले तरी अडचणीत सापडलेल्या सभासदाला पत न गमावता बोलण्याची एक जागा मिळेल.

बुडीत येणे वेळीच वहीतून कमी करणाऱ्या व्यापाऱ्याला आपण शहाणा म्हणतो. बुडत चाललेल्या धंद्याचा असाच वेळीच हिशेब करून, घरच्यांना विश्वासात घेऊन जो सभासद नवी वही उघडील, त्यालाही आपण तोच मान दिला पाहिजे.