पादचारी पूल मागण्याआधी

उपनगरातल्या मोठ्या रस्त्यावर कुणी पायी चालणारा गाडीखाली सापडला की आठवड्याच्या आत तीन मागण्या ठरलेल्या असतात. पादचारी पूल बांधा, दुभाजकावर उंच जाळी लावा आणि वाहतूक पोलिसांची मोहीम काढा. या विषयाचा बराच काळ पाठपुरावा केल्यावर माझे मत असे झाले आहे की या तिन्ही मागण्या मंजूर व्हायला सोप्या आहेत, पण रस्ता ओलांडणाऱ्याच्या पदरात त्यांतून फारसे काही पडत नाही. पुलाला निधी मिळतो, जाळीला ठेकेदार मिळतो, मोहिमेला बातमी मिळते; आणि ज्या वेगाने गाडी त्या माणसावर आली तो वेग होता तसाच राहतो. म्हणून गृहसंकुलांच्या समित्यांना, ज्येष्ठ नागरिक संघांना आणि शाळांच्या पालकांना माझे सांगणे एकच आहे: आधी वेग उतरवून मागा, बाकीचे मागाहून.

असे का म्हणतो, ते आकड्यांवरून स्पष्ट होईल. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली. त्यांतले ३२,८२५ जण पायी चालणारे होते, म्हणजे साधारण पाचातला एक. त्याच वर्षी महाराष्ट्रातल्या मृत्यूंचा आकडा १५,२२४ होता. देशातल्या एकूण मृत्यूंपैकी सुमारे ७१ टक्के मृत्यूंचे कारण पोलिसांच्या नोंदीत ‘अतिवेग’ असे लागले आहे. वेगाचा हिशेब सरळ असला तरी चाकामागे बसलेल्याला तो जाणवत नाही. चालकाला धोका दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद गेला असे धरले, तर ताशी ३० किलोमीटर वेगाची गाडी कोरड्या रस्त्यावर सुमारे १३ मीटरमध्ये थांबते. ताशी ६० ला तीच गाडी सुमारे ३६ मीटर घेते. वेग दुप्पट झाला, अंतर मात्र जवळजवळ तिप्पट. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते गाडीच्या समोरच्या भागाची धडक बसलेल्या पादचाऱ्याच्या मृत्यूचा धोका ताशी ५० वरून ६५ ला जाताना साडेचारपट होतो. म्हणजे निव्वळ १५ किलोमीटरच्या फरकावर हाड मोडणे आणि जीव जाणे यांतली सीमा ठरू शकते.

आता आपली वेगमर्यादा पाहा. केंद्राच्या एप्रिल २०१८ च्या अधिसूचनेप्रमाणे महापालिका हद्दीतल्या रस्त्यांवर मोटारींना ताशी ७० आणि दुचाकींना ताशी ६० पर्यंत मुभा आहे. त्याहून कमी मर्यादा घालण्याचा अधिकार मोटार वाहन कायद्याने राज्याला दिला आहे, पण तो वापरला तर उपयोग. ठाण्याचा घोडबंदर रस्ता घ्या. माजिवड्यापासून गायमुखाकडे जाताना दोन्ही अंगांना टोलेजंग गृहसंकुले, शाळा, रुग्णालये, बाजार. आणि मधून अहमदाबाद महामार्गाकडे जाणारी अवजड वाहने. मानपाडा, पातलीपाडा, वाघबीळ इथे लांब पल्ल्याच्या वाहतुकीसाठी उड्डाणपूल झाले, मेट्रोचे खांब उभे राहिले, सेवा रस्ते मुख्य रस्त्यात सामावून घेण्याचे काम निघाले. यातली प्रत्येक योजना गाड्यांच्या सोयीची. सेवा रस्ता मुख्य रस्त्यात गेला की दूध आणायला निघालेल्या माणसाला एकदम रुंद आणि अधिक वेगवान रस्ता पार करावा लागतो, याचा हिशेब आराखड्यात कुठे मांडलेला दिसत नाही. हा रस्ता कागदावर राज्य महामार्ग असला, तरी दोन्ही काठांच्या वस्तीला तो रोज पायी ओलांडावा लागतो.

पादचारी पूल हा यावरचा उतारा वाटतो, पण त्याचेही गणित मांडून पाहावे. खालून ट्रक जायचा तर साडेपाच मीटर मोकळी उंची लागते. पुलाची जाडी धरून चढ सहा मीटरच्या घरात जातो. म्हणजे सुमारे चाळीस पायऱ्या वर आणि तितक्याच खाली. गुडघेदुखीच्या आजी, बाळाला कडेवर घेतलेली आई, डोक्यावर टोपली असलेली कोळीण, चाकाच्या खुर्चीतला माणूस, यांना तो पूल असून नसल्यासारखाच. सरकता जिना बसवला तरी तो कायम चालू राहील याची खात्री कोण देणार? मुंबईने हा प्रयोग मोठ्या प्रमाणावर करून पाहिला आहे. वांद्रे पूर्व स्थानक ते कलानगर हा पहिला स्कायवॉक २००८ मध्ये खुला झाला, त्यामागून शहरभर आणखी बरेच उभे राहिले. वांद्र्याचा तो पहिला मात्र पुढे धोकादायक ठरून बंद झाला आणि पाडावा लागला. पूल सरसकट वाईट असे माझे म्हणणे नाही. रेल्वेमार्ग ओलांडायचा असेल, किंवा खरोखर सिग्नलविना वाहणारा द्रुतगती मार्ग असेल, तर पूल वा भुयारी मार्गाला पर्याय नाही. पण दर अर्ध्या किलोमीटरवर वस्ती असलेल्या रस्त्याला द्रुतगती मार्ग समजून चालण्यातच घोळ आहे.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो: लोकच बेशिस्त आहेत, पूल असताना खालून पळतात. पळतात, हे खरे. पण शंभर मीटर चालत जाऊन ऐंशी पायऱ्या करण्याऐवजी समोरचा दुभाजक ओलांडणे ही सगळ्याच देशांतल्या सगळ्याच माणसांची वृत्ती आहे. ती गृहीत धरूनच रस्ता आखावा लागतो. सिग्नलचे सेकंदही बघा. माणूस सेकंदाला १.२ मीटर चालतो असे अभियंते धरतात. २४ मीटरचा रस्ता त्याला २० सेकंद घेणार, म्हाताऱ्याला त्याहून जास्त. पादचाऱ्यांचा हिरवा दिवा बारा सेकंदांत विझत असेल, तर लाल दिव्यात सापडलेला माणूस बेशिस्त नाही, त्याला वेळच दिलेला नाही. दुसरा आक्षेप कोंडीचा. वेग कमी केला तर वाहतूक तुंबेल असे म्हणतात. पण उपनगरी रस्त्यावर वेळ खातात ते चौक, दुहेरी पार्किंग आणि अडलेल्या बस. दोन सिग्नलांमध्ये ताशी ७० ने धावून गाडी पुढच्या लाल दिव्यापाशीच उभी राहते.

तिसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे: पोलीस पुरणार कुठून? याचे उत्तर शिक्षेच्या जबरपणात नाही, तिच्या खात्रीत आहे. अतिवेगासाठी हलक्या वाहनाला १,००० ते २,००० रुपये दंडाची तरतूद २०१९ च्या दुरुस्तीने केली. रक्कम लहान नाही. पण ई-चलानाचे मोबाइलवर आलेले संदेश महिनोन्महिने न भरता पडून राहतात, आणि मोहिमेचा आठवडा कधी संपतो हे चालकांना पोलिसांइतकेच ठाऊक असते. हेल्मेट आणि नो-पार्किंगचे चलान फाडणे सोपे, म्हणून तेच जास्त होतात. झेब्रा क्रॉसिंगवर न थांबणाऱ्याला क्वचितच कुणी विचारतो. वेग मोजणारा एकच कॅमेरा रोज, त्याच जागी चालू राहिला आणि वसुली खरोखर झाली, तर तो वर्षातल्या चार मोहिमांना भारी पडेल. शिवाय उंच केलेले क्रॉसिंग, आवळलेला वळणाचा कोपरा आणि दुभाजकात पादचाऱ्याला उभे राहण्यासाठी थांबा ही कामे रात्री अकरानंतरही पहारा देतात. त्यांना पगार लागत नाही.

तेव्हा अर्ज करताना काय करावे? आधी रस्ता कुणाचा हे शोधा: महापालिका, सार्वजनिक बांधकाम विभाग की मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण (एमएमआरडीए). चुकीच्या दारात गेलेला अर्ज वर्षभर फिरत राहतो. माहितीच्या अधिकारात तीन गोष्टी मागा: त्या ठिकाणच्या अपघातांची नोंद, सिग्नलच्या वेळा, आणि तिथे अतिवेगासाठी किती चलाने झाली. मग रस्त्याची रुंदी मोजून सेकंदांचा हिशेब जोडा आणि मागणी नेमकी करा: अमुक चौकात ताशी ३० किंवा ४० ची लेखी मर्यादा, इतक्या सेकंदांचा हिरवा दिवा, दुभाजकात उभे राहता येईल एवढा थांबा, उंच क्रॉसिंग. गतिरोधक मागितलात तर रंग, फलक आणि दिवा यांसह मागा. रात्री न दिसणारा गतिरोधक दुचाकीस्वाराच्या जिवावर बेततो. फेरीवाल्यांना हटवा असे लिहू नका. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याप्रमाणे त्यांची जागा आखून द्या आणि चालण्यासाठी किमान १.८ मीटर पदपथ मोकळा ठेवा, असे लिहा. पदपथाचा हक्क हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे असे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये सांगितले आहे, त्याचा उल्लेख करा. सदोष आखणीबद्दल आखणी करणाऱ्याला आणि ठेकेदाराला एक लाखापर्यंत दंड करणारे मोटार वाहन कायद्याचे कलम १९८-अ आहे, त्याचीही आठवण द्या. आणि बैठकीत कुणी पुलाचे रंगीत चित्र दाखवले, तर एवढेच विचारा: पूल झाल्यावर खालच्या गाड्यांचा वेग किती राहील? त्याचे उत्तर आकड्यात आणि लेखी मिळेपर्यंत संमती देऊ नका.