औषधांची सवय कुणाला?

प्रश्न : माझे वडील १० दिवसांपासून आयसीयूत व्हेंटिलेटरवर आहेत. कफाच्या तपासणीत ‘ॲसिनेटोबॅक्टर’ निघाला. बहुतेक अँटिबायोटिक्स चालणार नाहीत म्हणतात. त्यांच्या अंगाला औषधांची सवय झाली का? उपाय संपले का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : सवय वडिलांच्या अंगाला नव्हे, जंतूला झाली आहे. हा चिवट जंतू आयसीयूतल्या कोरड्या पृष्ठभागांवरही बरेच दिवस तग धरतो, श्वासनलिकेतल्या नळीला आतून थर करून चिकटतो. पण रिपोर्टमध्ये जंतू दिसला म्हणजे संसर्ग झालाच, असे नाही. ताप, वाढलेली ऑक्सिजनची गरज, एक्स-रेत नवा डाग यांपैकी काहीच नसेल, तर बहुधा अँटिबायोटिक लागतही नाही. डॉक्टरांना आधी हेच विचारा.

संसर्ग असेल तर तो गंभीर खरा, पण उपाय संपलेले नाहीत. रिपोर्टमध्ये ‘एस’ लिहिलेली औषधे लागू पडण्याची शक्यता असते. कोलिस्टिन हे जुने औषध अनेकदा कामी येते. मूत्रपिंडाला त्रास होऊ शकतो म्हणून क्रिएटिनिन तपासत राहतात. ‘आणखी भारी औषध द्या’ असा आग्रह मात्र धरू नका.

वडिलांना भेटण्याआधी आणि नंतर हात सॅनिटायझरने नीट चोळा. पलंगाची उशाकडची बाजू ३० ते ४५ अंश उचललेली आहे ना, ते पाहा. आणि नळी कधी निघू शकेल, हे रोज विचारा. त्यात संकोच नको.