दुधाच्या खाड्यांशेजारी

सांगली, रविवार

चि. सोनू,


काल फोनवर म्हणालीस, "मावशी, बारा दिवस झाले, काही फरक नाही, गोळी बंद करतेय." तेव्हा मला नीट बोलता आलं नाही, म्हणून लिहिते.

डोकं दुखलं की पॅरासिटामॉल घ्यायची आणि तासाभरात उतार पडायचा, तो हिशेब मायग्रेनसाठीच्या या अमिट्रिप्टिलीनला लावू नकोस. ही दुखो न दुखो, रोज घ्यायची. अमिट्रिप्टिलीन बहुधा 10 मिलिग्रॅमपासून सुरू करतात, हळूहळू वाढवतात. पुरेशा मात्रेवर पोचल्यावर सहा-आठ आठवडे गेल्याखेरीज ती लागू पडली की नाही, ते ठरत नाही.

तुझी आई खोक्यातला कागद वाचून घाबरली, "डिप्रेशनची गोळी आहे" म्हणाली. खरं आहे, पण त्या आजारात मात्रा बरीच मोठी असते. थोड्या मात्रेत तीच गोळी डोकेदुखी कमी करते. प्रोप्रॅनोलॉल हृदयासाठी आलं, टोपिरामेट फिटसाठी, आणि दोन्ही मायग्रेनला देतात. तू लहानपणी दम्याचा पंप घ्यायचीस, म्हणून प्रोप्रॅनोलॉल तुला चालणार नाही, हे कुठल्याही नव्या डॉक्टरला आधी सांग.

आता पर्समधल्या वेदनाशामकांच्या पाकिटाबद्दल. दुखलं की गोळी, मीही बँकेत काउंटरवर बसून बारा वर्षं तेच केलं. साधी वेदनाशामक महिन्यातून 15 दिवस, ट्रिप्टान किंवा दोन-तीन औषधं एकत्र असलेली गोळी 10 दिवस, असं तीन महिन्यांवर चाललं की गोळीच डोकेदुखी टिकवून धरते. डॉक्टरांनी हे सांगितलं तेव्हा मला रडू आलं. ज्या गोळीच्या आधारावर मी घर आणि नोकरी रेटली, तीच मला दुखवत होती! डॉक्टरांच्या सल्ल्याने ती थांबवली तेव्हा पहिले आठ-दहा दिवस डोकं जास्तच ठणकलं. पडदे ओढून पडून राहायची. काका डबा करून देत होते. तो काळ तुलाही जड जाईल. तेव्हा एकटी राहू नकोस, इकडे ये.

आणि एक कर. ज्या कालनिर्णयवर दुधाचे खाडे मांडतेस, त्याच चौकोनात डोकं दुखलं त्या दिवशी फुली कर. वेदनाशामक घेतलीस तर फुलीभोवती गोल. रोजची गोळी सुरू केल्यावर माझ्या पहिल्या महिन्यात 24 फुल्या होत्या, चौथ्यात 11. मी हिरमुसले, अजून दुखतंच म्हणून. डॉक्टरांनी दोन्ही पानं शेजारी ठेवली. निम्म्यावर आलं म्हणजे औषध लागू पडलं, म्हणाल्या. तोवर हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

या गोळीने तोंड कोरडं पडेल, सकाळी जड वाटेल, वजनही वाढू शकतं, माझं वाढलं. सकाळचा जडपणा राहिला तर गोळी संध्याकाळी लवकर घेऊ का, विचार. सोसलं नाही तर डॉक्टरांना फोन कर, मनाने सोडू नकोस. दुसरी औषधं आहेत. मूल हवं असं ठरवाल तेव्हा मात्र आधी त्यांना सांगा, कारण टोपिरामेट आणि व्हॅल्प्रोएट गर्भाला घातक ठरतात.

अचानक, कधी नव्हे इतकं भयंकर दुखलं, तापाबरोबर मान आखडली, हात लुळा पडला किंवा बोलणं अडखळलं, तर फुली करत बसू नकोस, थेट हॉस्पिटल गाठ.

महिना संपला की त्या पानाचा फोटो पाठव. माझं जुनं कालनिर्णय माळ्यावर आहे, ते काढून ठेवते.

तुझी,
मावशी